नामदार गोखले

तापी नदी आणि गिरणा, बोरी, पांझरा या तिच्या उपनद्या यांच्या काठांवर खानदेशचा मुलूख पसरलेला आहे. येथील काळी जमीन कापसासाठी पूर्वीपासून प्रसिद्ध आहे. आज या मुलखात जळगाव, धुळे आणि नंदुरबार असे तीन जिल्हे आहेत. परंतु १८९९ साली सारा खानदेश हा एकच जिल्हा होता आणि त्याचे मुख्य ठाणे धुळे येथे होते. पुढे १९०६ साली त्याचे पूर्व खानदेश व पश्चिम खानदेश असे दोन भाग झाले. पूर्व खानदेशचे ठाणे जळगाव झाले, तर पश्चिम खानदेशचे धुळ्यासच राहिले.

त्या काळी मुंबई इलाख्याचा कारभार इंग्रज गव्हर्नर पाहत असे. कायदे करण्यासाठी त्याचे एक कौन्सिल होते. १८९२ च्या कायद्याने या कौन्सिलात लोकांच्या वतीने काही सभासद निवडून पाठविण्याची सोय झाली. परंतु ही सोय फार तुटपुंजी होती. खानदेश, नाशिक, अहमदनगर, पुणे, सातारा आणि सोलापूर या जिल्ह्यांचा मिळून मध्य विभाग होत असे. एवढ्या मोठ्या मुलखाच्या वाट्यास जे प्रतिनिधित्व येई, ते एखाद्या घागरीतील ओंजळभर पाण्याइतके असे. शेतात राबणाऱ्या शेतकऱ्यास मत नव्हते. स्थानिक संस्थांमधील थोड्या सभासदांनाच काय तो मताचा अधिकार होता. कौन्सिलात बहुमत सरकारी अधिकाऱ्यांचे असल्यामुळे निवडून गेलेल्या सभासदाने कितीही युक्तिवाद केला, तरी सरकारच्या इच्छेविरुद्ध काही मंजूर होणे अशक्य असे. तरीही त्या जागेला मोल होते. ज्यांना स्वतःला बोलता येत नव्हते, त्यांचे सुखदुःख राज्यकर्त्यांच्या कानी घालण्याची ती एक वाट होती.

या मध्य विभागातून १८९५ व १८९७ साली लोकमान्य टिळक निवडून आले होते. १८९९ साली याच विभागाने फर्ग्युसन कॉलेजातील एका तेहतीस वर्षांच्या प्राध्यापकास मुंबईच्या कौन्सिलात पाठविले. त्यांचे नाव गोपाळ कृष्ण गोखले. कौन्सिलाच्या सभासदास नामदार म्हणण्याची तेव्हा रीत होती. पुढे ही पदवी गोखल्यांच्या नावाशी इतकी एकरूप झाली, की महाराष्ट्रात नामदार म्हटले की तेच डोळ्यांपुढे उभे राहू लागले.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी कोकणातील कोतळूक या खेड्यात झाला. त्यांचे वडील कृष्णराव हे कागल संस्थानात नोकरीस होते. गोपाळ तेरा वर्षांचा असताना वडील वारले आणि घरावर दारिद्र्याचे सावट पडले. थोरले बंधू गोविंदराव स्वतः त्या वेळी विद्यार्थीच होते. त्यांनी शिक्षण सोडले व दरमहा पंधरा रुपयांची नोकरी धरली. त्या पंधरा रुपयांतून ते आठ रुपये गोपाळच्या शिक्षणासाठी कोल्हापूरला पाठवीत आणि उरलेल्या सात रुपयांत घर चालवीत. धाकट्या भावास याची जाणीव होती. तो हाताने स्वयंपाक करी, एक एक पै जपून खर्च करी आणि अभ्यासात खंड पडू देत नसे. कोणाच्या तरी त्यागावर आपले शिक्षण उभे आहे, ही भावना गोपाळरावांच्या मनातून जन्मभर गेली नाही.

१८८४ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून ते पदवीधर झाले. त्या काळी पदवीधरास सरकारी नोकरीची व वकिलीची दारे सताड उघडी असत. घरच्यांनीही त्यांच्याकडून मोठी आशा धरली असल्यास नवल नव्हते. परंतु पुण्यात आगरकर, टिळक आदी तरुणांनी अल्प वेतनावर शिक्षणाचे व्रत घेतले होते. गोखले त्यांना जाऊन मिळाले. न्यू इंग्लिश स्कूलमध्ये व पुढे फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी, गणित, इतिहास व अर्थशास्त्र हे विषय शिकविले. त्यांनी तयार केलेले अंकगणिताचे पुस्तक अनेक शाळांत चालू झाले. डेक्कन एज्युकेशन सोसायटीची वीस वर्षे सेवा करण्याची शपथ त्यांनी घेतली होती.

पुण्यासच त्यांना न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे हे गुरू लाभले. रानडे मोठे कडक गुरू होते. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकासाठी लेख लिहावयाचा, तर त्यातील प्रत्येक आकडा मूळ सरकारी अहवालाशी ताडून पाहावा लागे. कामाचा कंटाळा त्यांना खपत नसे व अतिशयोक्ती तर मुळीच खपत नसे. सरकारला उत्तर द्यावयाचे ते सरकारच्याच आकड्यांनी, हा धडा गोखल्यांनी त्यांच्यापाशी गिरविला. या धड्याची थोरवी पुढे साऱ्या देशास कळून आली. परंतु त्याआधी एक कठीण प्रसंग त्यांच्यावर येऊन कोसळला.

१८९७ साली हिंदुस्थानच्या खर्चाची चौकशी करणाऱ्या एका कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी गोखले विलायतेस गेले होते. त्यांची साक्ष उत्तम झाली. त्याच सुमारास पुण्यात प्लेगने थैमान घातले होते आणि रोगी हुडकून काढण्याच्या कामी सरकारने गोरे सैनिक नेमले होते. सैनिकांच्या अत्याचारांविषयी पुण्याहून मित्रांची पत्रे गोखल्यांना गेली. त्यांत दोन स्त्रियांवर झालेल्या अत्याचाराची बातमी होती. ती वाचून गोखल्यांचे मन पेटून उठले व त्यांनी ती विलायतेतील वृत्तपत्रांस सांगितली. सरकारने पुरावा मागितला. गोखले परत आले, तो पुण्यातील वातावरण पार बदलून गेले होते. रँडसाहेबाचा खून झाला होता आणि धरपकड सुरू होती. ज्यांनी पत्रे पाठविली होती, त्यांतील कोणीही आपले नाव पुढे करू देण्यास तयार नव्हते.

आता गोखल्यांपुढे दोनच मार्ग होते. मित्रांची नावे सांगून स्वतः मोकळे व्हावयाचे, अथवा सर्व दोष आपल्या माथी घ्यावयाचा. त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. आरोप सिद्ध करता येत नाही, हे मान्य करून त्यांनी जाहीर माफी मागितली. ती त्यांनी हातचे काही राखून मागितली नाही. परंतु तिने कोणाचेच समाधान झाले नाही. इंग्रजांनी त्यांस खोटे ठरविले आणि देशबांधवांनी भित्रे म्हणून हिणविले. त्याच वर्षी टिळकांना राजद्रोहाच्या खटल्यात शिक्षा झाली आणि ते धैर्याने तुरुंगात गेले. त्यामुळे लोकांच्या मनात या दोघांची तुलना होऊ लागली व गोखल्यांची मान अधिकच खाली गेली. त्या वर्षाच्या अखेरीस अमरावती येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. परंतु तेथेही त्यांच्याविषयी रोष होता.

अशा वेळी एखाद्याने सार्वजनिक जीवनास कायमचा रामराम ठोकला असता. गोखल्यांनी तसे केले नाही. आपल्या वागण्याचे समर्थन करीत ते दारोदार हिंडलेही नाहीत. पुण्यात प्लेग पुन्हा उद्भवला, तेव्हा ते स्वयंसेवक घेऊन कामास लागले. रोग्यांच्या घरी जाणे, भयभीत लोकांना धीर देणे, त्यांच्या अडचणी अधिकाऱ्यांच्या कानी घालणे, ही कामे त्यांनी जिवाची पर्वा न करता केली. गेलेला विश्वास शब्दांनी परत मिळत नाही, तो कामानेच मिळवावा लागतो, हे त्यांनी ओळखले होते. १८९९ साली मध्य विभागाने त्यांना निवडून दिले, यावरून तो विश्वास हळूहळू परत येऊ लागला होता असे दिसते.

गोखले निवडून आले, तेच मुळी एका मोठ्या संकटाच्या तोंडावर. १८९९ साली पावसाने दगा दिला. गुजरात, खानदेश, नगर या भागांत १८९९-१९०० चा दुष्काळ भयंकर ठरला. शेते उजाड झाली, चाऱ्यावाचून गुरे मेली आणि शेतकरी सरकारी दुष्काळी कामांवर खडी फोडण्यास गेले. बैल गेला म्हणजे पुढच्या वर्षी पाऊस पडूनही शेत नांगरता येत नाही. अशा शेतकऱ्यास सरकारचा शेतसारा मात्र चुकत नसे. तो भरण्यासाठी सावकाराचे कर्ज काढावे लागे, आणि ते न मिळाले तर जमीन जप्त होई.

१९०१ साली मुंबई सरकारने जमीन महसुलाच्या कायद्यात दुरुस्ती करण्याचे ठरविले. सारा न भरल्यामुळे सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्यास पुन्हा देताना ती त्याने विकू नये व गहाण टाकू नये, अशी अट घालण्याचा अधिकार या दुरुस्तीने सरकारला मिळावयाचा होता. सावकारांपासून शेतकऱ्याचे रक्षण करण्यासाठी हा उपाय आहे, असे सरकारचे म्हणणे होते. वरवर पाहता ते खरेही वाटे. परंतु गोखल्यांनी त्याच्या मुळाशी जाऊन पाहिले. शेतकऱ्यापाशी जमिनीवाचून दुसरे तारण नव्हते. जमीन गहाण ठेवता आली नाही, तर अडीअडचणीच्या वेळी त्यास कर्ज कोण देणार? स्वस्त कर्जाची दुसरी काही सोय न करता असलेली सोय काढून घेणे म्हणजे बुडणाऱ्याच्या हातची मोडकी फळीही ओढून घेणे होय. शिवाय, पिढ्यान्‌पिढ्या ज्या जमिनीचा तो मालक, त्याच जमिनीवर तो सरकारचे कूळ होऊन राहावयाचा. दुष्काळाने पिचलेल्या वर्षात असा कायदा घाईने करू नये, असा त्यांचा आग्रह होता.

कौन्सिलातील लोकपक्षाचे पुढारी फेरोजशहा मेहता होते. या दुरुस्तीवर आधी लोकमत अजमावावे, अशी त्यांची सूचना होती. सरकारी बहुमताने ती फेटाळली गेली. तेव्हा फेरोजशहा सभागृहातून उठून बाहेर पडले आणि त्यांच्यामागोमाग गोखले व इतर काही लोकनियुक्त सभासदही निघून गेले. सभात्याग ही गोष्ट आज आपल्या कानांस नवी नाही. त्या काळी मात्र गव्हर्नरासमोरून असे उठून जाणे हे मोठे धाडस समजले जाई. गोखल्यांचा स्वभाव तर मुळात मवाळ आणि मर्यादाशील होता. सरकारचा अवमान करण्यासाठी नव्हे, तर कर्तव्य म्हणून आपण हे करीत आहोत, अशी त्यांची भूमिका होती. कायदा शेवटी मंजूर झालाच. परंतु ज्यांना मत नव्हते, त्या शेतकऱ्यांची बाजू कोणी तरी मांडली, याची नोंद इतिहासात राहिली.

मुंबई कौन्सिलाच्या वर व्हाइसरॉयचे कौन्सिल होते. साऱ्या देशाचे कायदे तेथे होत व साऱ्या देशाचा जमाखर्च तेथे मांडला जाई. मुंबई कौन्सिलाच्या बिनसरकारी सभासदांनी आपल्यापैकी एकास तेथे पाठवावयाचे असे. ही जागा फेरोजशहांकडे होती. प्रकृतीच्या कारणाने ते ती सोडणार, असे १९०१ च्या आरंभी दिसू लागले. त्याच वर्षीच्या जानेवारीत न्यायमूर्ती रानडे यांचे निधन झाले. गुरूचे छत्र हरपले असता गोखल्यांनी मनाशी एक निश्चय केला आणि फेरोजशहांना पत्र लिहून त्या जागेची आपली इच्छा मोकळेपणाने कळविली.

आपण होऊन मोठी जागा मागणे हे अनेकांना शोभत नाही. मागणाऱ्यास मानाची हाव आहे, असे लोक म्हणतात व पुष्कळदा ते खरेही असते. गोखल्यांच्या मनातही या जागेविषयी महत्त्वाकांक्षा होती आणि ती त्यांनी लपविली नाही. परंतु तिच्या मुळाशी १८९७ सालची जखम होती. आपल्या हातून देशाच्या कार्यास कमीपणा आला, याचे शल्य त्यांना चार वर्षे टोचत होते. इंग्लंडात ज्या राज्यकर्त्यांपुढे आपला शब्द खोटा पडला, त्यांच्यापुढे पुन्हा उभे राहून देशाचे गाऱ्हाणे असे मांडावे, की त्यातील एकही आकडा कोणास खोडता येऊ नये, ही त्यांची इच्छा होती. फेरोजशहांनी तरुण सहकाऱ्याचे मन जाणले. १९०१ साली गोखले व्हाइसरॉयच्या कौन्सिलावर निवडून गेले.

जागा मिळाली, आता ती सार्थ करून दाखवावयाची होती. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांचे पहिले भाषण झाले. व्हाइसरॉयच्या खुर्चीवर लॉर्ड कर्झन होते. सरकारी तिजोरीत खर्च भागून मोठी शिल्लक पडली होती आणि ती देशाच्या भरभराटीची खूण मानून अधिकारी आनंदात होते. गोखल्यांनी शांतपणे दाखवून दिले, की ही शिल्लक भरभराटीची नव्हे. लोकांची ऐपत वाढलेली नसताना कर मात्र चढे ठेवले, म्हणून तिजोरी भरली. दुष्काळाने माणसे मरत असताना सरकारपाशी पैसा शिल्लक राहावा, यात भूषण कसले? मिठावरचा कर उतरवावा, लहान उत्पन्नाच्या लोकांना प्राप्तिकरातून सूट द्यावी, देशी गिरण्यांच्या कापडावरील जकात काढून टाकावी आणि शिक्षणावर अधिक खर्च करावा, अशा त्यांच्या मागण्या होत्या. या भाषणासाठी त्यांनी रात्रंदिवस श्रम केले होते. सोलापूरचे विद्वान शिक्षक गणेश व्यंकटेश जोशी यांनी त्यांना आकडे जुळविण्याच्या कामी फार मोठे साहाय्य दिले होते.

या भाषणाने साऱ्या देशाचे लक्ष वेधून घेतले. त्या काळच्या नियमांप्रमाणे अंदाजपत्रकावर सभासदांना केवळ बोलता येई, मत देता येत नसे. तरीही पुढच्याच वर्षी, म्हणजे १९०३ साली, मिठावरचा कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि प्राप्तिकरातून सूट मिळण्याची मर्यादा पाचशे रुपयांवरून एक हजार रुपयांवर गेली. १९०५ साली मिठाचा कर दीड रुपया झाला व १९०७ साली एक रुपया. हे सर्व एकट्या गोखल्यांमुळे घडले असे म्हणता येणार नाही. परंतु दरवर्षी तीच मागणी अधिक भक्कम पुराव्यानिशी पुढे येत गेल्यावर तिच्याकडे दुर्लक्ष करणे सरकारला जड गेले. धुळ्याच्या किंवा जळगावच्या बाजारी मीठ विकत घेणाऱ्या एखाद्या मजूर बाईस हे कौन्सिल कोठे आहे याची कल्पना नसेल, पण तेथे केलेल्या श्रमांचे फळ तिच्याही पदरात पडले.

१९०२ साली वीस वर्षांच्या सेवेची मुदत संपत येताच गोखल्यांनी फर्ग्युसन कॉलेजाचा निरोप घेतला. त्यांना दरमहा तीस रुपये निवृत्तिवेतन मिळू लागले. १२ जून १९०५ रोजी पुण्यात त्यांनी भारत सेवक समाजाची स्थापना केली. अल्प वेतनावर जन्मभर देशसेवा करणारे कार्यकर्ते तयार करणे, हा या संस्थेचा हेतू होता. भाषण करणाऱ्यांपेक्षा अभ्यास करणारे आणि खेड्यापाड्यांत जाऊन राबणारे लोक देशास हवे आहेत, असे त्यांना वाटे. त्याच वर्षी बनारस येथे भरलेल्या काँग्रेसचे ते अध्यक्ष झाले. चाळिशी गाठण्याच्या आतच देशातील सर्वांत मोठा लोकमान न मागता त्यांच्याकडे चालून आला. आठ वर्षांपूर्वी अमरावतीस ज्यांच्याविषयी रोष होता, तेच आता त्या व्यासपीठावर मुख्य आसनावर बसले होते.

गोखल्यांच्या साऱ्या कार्यात त्यांना सर्वांत प्रिय होते ते प्राथमिक शिक्षणाचे कार्य. देशातील बहुसंख्य मुले त्या वेळी शाळेचे तोंडही पाहत नसत. १९०९ च्या सुधारणांनंतर कौन्सिलात ठराव मांडण्याचा अधिकार सभासदांना मिळाला. त्याचा उपयोग करून १९१० साली गोखल्यांनी मोफत व सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा ठराव मांडला आणि १६ मार्च १९११ रोजी त्याविषयीचे विधेयक आणले. ते फार सावधपणे तयार केलेले होते. सहा ते दहा वर्षांच्या मुलांना शाळेत पाठविणे सक्तीचे करावे. मात्र जेथे आधीच पुरेशी मुले शाळेत जात असतील, तेथेच आणि स्थानिक संस्थेची इच्छा असेल तरच ही सक्ती असावी. खर्चाचा दोनतृतीयांश वाटा सरकारने उचलावा व उरलेला स्थानिक संस्थेने. गरिबांच्या मुलांकडून फी घेऊ नये. मुलींसाठी ही योजना पुढे क्रमाक्रमाने लागू करता यावी, अशीही तरतूद होती.

या कामासाठी लागणारा पैसा कोठून आणावयाचा, असा प्रश्न उभा राहिला. तेव्हा गोखल्यांनी एक उत्तर दिले, ते मोठे विचार करण्यासारखे आहे. ज्या मिठाच्या करासाठी ते इतकी वर्षे झगडले, तोच कर शिक्षणासाठी थोडा वाढवावा लागला तरी आपण तो सोसू, अशी तयारी त्यांनी दर्शविली. लोकांनी मीठ थोडे कमी खाल्ले तरी चालेल, परंतु त्यांची मुले अज्ञानात वाढू नयेत, असे त्यांचे मत होते. त्यांच्या अनेक मित्रांना हे पटले नाही. परंतु आपली लोकप्रियता सांभाळण्यासाठी त्यांनी आपले मत बदलले नाही.

१९ मार्च १९१२ रोजी या विधेयकावर मते घेण्यात आली. बाजूने तेरा मते पडली व विरुद्ध अडतीस. सरकारी अधिकारी तर विरुद्ध होतेच. परंतु काही देशी सभासदांनीही पाठ फिरविली. शेतमजूर मिळणार नाहीत, अशी भीती कोणास वाटत होती, तर शिकलेला कुणबी ऐकेनासा होईल, अशी कोणास. या पराभवाची कल्पना गोखल्यांना आधीच आली होती. आपल्या पिढीच्या वाट्यास यशापेक्षा अपयशच अधिक यावयाचे. परंतु त्या अपयशाच्या पायऱ्यांवरूनच पुढची पिढी वर चढेल, अशी त्यांची श्रद्धा होती. म्हणून त्यांच्या मनात कडवटपणा आला नाही.

मधुमेहाने त्यांचे शरीर आता पोखरले होते. तरी विश्रांती घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. १९१२ साली ते दक्षिण आफ्रिकेत गेले आणि तेथील हिंदी लोकांची स्थिती त्यांनी डोळ्यांनी पाहिली. तेथे मोहनदास करमचंद गांधी हे तरुण बॅरिस्टर सत्याग्रहाचा लढा चालवीत होते. गांधीजी गोखल्यांना आपले राजकीय गुरू मानीत. १९१४ साली सरकारने गोखल्यांना सर ही पदवी देऊ केली. त्यांनी ती नम्रपणे नाकारली. जी जागा घेतल्याने देशाचे काम करता येते, ती त्यांनी आपण होऊन मागितली होती. ज्या मानाने केवळ नाव मोठे होते, तो दारी चालून आला असता त्यांनी परत पाठविला. त्यांची महत्त्वाकांक्षा कोणत्या जातीची होती, हे या दोन गोष्टी शेजारी ठेवून पाहिल्या म्हणजे स्पष्ट होते.

१९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांचे निधन झाले. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस वर्षांचे होते. राजकारणात ज्यांच्याशी त्यांचा जन्मभर मतभेद झाला, ते लोकमान्य टिळक त्यांच्या अंत्यसंस्कारास आले आणि त्यांनी लोकांना गोखल्यांचा आदर्श डोळ्यांपुढे ठेवण्यास सांगितले.

गोखल्यांचे अपुरे राहिलेले काम पुढे कसे तडीस गेले, हे पाहण्यासारखे आहे. व्हाइसरॉयच्या थोर कौन्सिलाने जे विधेयक नाकारले, त्याच धर्तीचे विधेयक विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई इलाख्याच्या कौन्सिलात आणले आणि १९१८ साली त्याचा कायदा झाला. नगरपालिकांना आपल्या हद्दीत प्राथमिक शिक्षण सक्तीचे करण्याचा अधिकार त्याने मिळाला. वरच्या सभेत जे साधले नाही, ते खालच्या सभेत साधले. पुढे देश स्वतंत्र झाला. २००९ साली भारताच्या संसदेने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क देणारा कायदा केला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. त्या कायद्यात मुलगा व मुलगी असा भेद नाही.

खानदेशने गोखल्यांची आठवण आणखी एका रीतीने जपली. अमळनेरच्या शाळेत मुलांना शिकविणारे साने गुरुजी यांनी गोखल्यांचे चरित्र लिहिले. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकाचे चरित्र लिहावे, हे उचितच झाले. कारण कौन्सिलातील आसनावर बसूनही गोखले अखेरपर्यंत शिक्षकच राहिले. ते वर्गात जसे तयारी केल्यावाचून गेले नाहीत, तसे सभागृहातही गेले नाहीत.

आज गावच्या ग्रामपंचायतीपासून विधानसभेपर्यंत आणि विधानसभेपासून संसदेपर्यंत अनेक जागा लोकांच्या मतांनी भरल्या जातात. ज्या शेतकऱ्यास १८९९ साली मत नव्हते, त्याच्या नातवंडा-पतवंडांना ते आहे. जळगाव, धुळे आणि नंदुरबारच्या मतदान केंद्रांवर स्त्रिया व पुरुष रांगेत उभे राहून आपला प्रतिनिधी निवडतात. एका सभेतून वरच्या सभेत जाण्याची इच्छा अनेकांना होते आणि तशी इच्छा होणे हा काही दोष नव्हे. परंतु जागा उंच झाली म्हणजे तिच्यावर बसणारा माणूस आपोआप उंच होत नाही. त्यासाठी अभ्यास करावा लागतो, खरे बोलावे लागते, प्रसंगी अपमान गिळावा लागतो आणि पराभव ठाऊक असूनही योग्य बाजूने मत द्यावे लागते. नामदार गोखल्यांनी ही किंमत पुरेपूर मोजली. म्हणूनच त्यांनी मागितलेली जागा त्यांच्यामुळे थोर झाली.